अडीच वर्षांचं रोम

मोठ्यानं बोलल्याशिवाय माझी तयारी होत नाही. मनातल्या मनात वाचलेलं वर्गात ऐनवेळी दगा देतं. म्हणून दुसऱ्या दिवशी बीएच्या मुलांना इतिहासात जे शिकवायचं, ते मी आदल्या संध्याकाळी ओसरीत येरझाऱ्या घालत पूर्ण आवाजात म्हणते. लग्न होऊन वाटूरच्या आतल्या या गावात आले, तेव्हा शेजारणीला वाटलं नव्या सुनेला बाहेरचं काही लागलं. तिनं सासूबाईंना हळूच विचारलंही. आत्याबाई (मी सासूबाईंना आत्याबाईच म्हणते) तिला म्हणाल्या, "न्हाई गं, पगार मिळतो तिला त्याचा."

नवरा जुन्या जालन्यात धान्याच्या ठोक दुकानात हिशेबाला. आठवडाभर तिकडे, रविवारी घरी. त्यामुळे माझं रोम ऐकायला घरात दोघंच असायचे. मामा म्हणजे माझे सासरे, ते ऐकता ऐकता झोपायचे. आत्याबाई मात्र लसूण सोलत, शेंगा फोडत नीट ऐकायच्या आणि मधेच असं काही विचारायच्या की माझी साखळी तुटायची. मला राग यायचा. माझं डोकं तसंही लवकर फिरतं, घरात सगळ्यांना माहीत आहे.

हे सगळं सांगायचं कारण असं की त्याच दिवसांत आत्याबाई गावच्या सरपंच होत्या.

त्यांना सरपंच व्हायचं नव्हतं, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. तेव्हा सरपंच सदस्यांमधूनच निवडायचा होता. आमच्या भावकीचे काही सदस्य आले, वस्तीवरच्या लोकांचे काही आले, पण एकट्याच्या जोरावर सरपंच करता येईल एवढे कुणाचेच नाही. वस्तीवरचे लोक म्हणजे मूळचे मेंढपाळ. आता त्यांचीही शेतं आहेत, पण मेंढ्या सुटलेल्या नाहीत. त्यांच्यातले मोठे जे, ते मामांचे लहानपणापासूनचे दोस्त. दरवर्षी पिकं निघाली की त्यांच्या मेंढ्या आमच्या रानात बसायच्या. रानाला खत मिळायचं, मेंढ्यांना चारा, आणि दोघा म्हाताऱ्यांना बांधावर बसून बोलायला रात्र. आत्याबाईंसारखीच दोस्ताची बायकोही सदस्य म्हणून निवडून आलेली होती.

मग आपल्याकडे जे होतं तेच झालं. अडीच वर्षं तुमची, अडीच वर्षं आमची. आधी आमच्या आत्याबाई सरपंच, मग राजीनामा, मग दोस्ताची बायको. आणि लिहून कशाला ठेवायचं, आपण काय परके आहोत का, म्हणून दोघं दोस्त खंडोबाच्या देवळात गेले आणि बेल-भंडारा उचलला. देवाच्या पुढचा बेल आणि हळद हातात घेऊन दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तो मोडायची आमच्याकडे कुणाची छाती होत नाही. दोन्ही घरांतल्या पुरुषांनी एकमेकांना भंडारा लावला, नारळ फोडला, खोबरं घरी आणलं. आत्याबाईंनी त्या खोबऱ्याची चटणी केली. कशाचं खोबरं हे त्यांना जेवताना कळलं.

सुरुवातीला सगळं नेहमीसारखं चाललं. आत्याबाई ग्रामपंचायतीत जायच्या, डोक्यावर पदर घेऊन खुर्चीच्या टोकावर बसायच्या. शेजारच्या खुर्चीत मामा. बोलायचे मामा, सही करायच्या आत्याबाई. पण त्या पावसाळ्याच्या शेवटी मामांना टायफॉइड झाला. महिनाभर उठता येईना. ग्रामसेवक कागद घेऊन घरी यायला कुरकुर करायला लागला, तेव्हा आत्याबाई एकट्याच गेल्या. पहिल्या दिवशी घरी आल्या तर कपाळ घामानं भिजलेलं. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाल्या, "काय व्हायचंय? लोकं बोलून राह्यले, म्या ऐकून राह्यले. मंग म्या बी बोलले."

मामा बरे होईपर्यंत त्यांना बोलायची सवय झाली होती. पाण्याचं त्यांनी हातात घेतलं. आमच्या गावात टाकी एक आणि पाणी सोडणारा माणूस भावकीतला. वरच्या आळीला, म्हणजे आम्हाला, रोज भरपूर पाणी. वस्तीच्या बाजूला करंगळीएवढी धार, तीही कधीतरी. आम्हाला कधी कळलंच नाही, कारण आमचे रांजण भरलेले. आत्याबाई एक दिवस पहाटे उठून टाकीजवळ जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, आता पाणी दिवसाआड. एक दिवस वरच्या आळीला, एक दिवस वस्तीला, दोघांना सारखा वेळ. भावकीत बोंबाबोंब झाली. चुलत सासरे घरी येऊन मामांना म्हणाले, "बाईला आवरा." मामा म्हणाले, "म्या बोलतो." ते बोलले नाहीत. त्यांना भीती वाटली असावी, आणि थोडं कौतुकही.

नेमकं त्याच आठवड्यात मी रोमचे कॉन्सल म्हणत होते. राजाला हाकलून दिल्यावर रोमन लोकांनी ठरवलं, आता एकाच्या हातात सत्ता द्यायची नाही. दरवर्षी दोन प्रमुख निवडायचे, त्यांना कॉन्सल म्हणायचं. दोघांना सारखा अधिकार, एकानं केलेलं दुसऱ्याला थांबवता येईल, आणि वर्ष संपलं की दोघांनी घरी जायचं.

आत्याबाईंनी लसूण सोलणं थांबवलं. "दोघं? एकदम?"

"एकदम."

"आन् लढाईवर गेले तर फौज कुणाचं ऐकणार?"

"दिवसाआड," मी म्हणाले. "एक दिवस याचा हुकूम, एक दिवस त्याचा."

त्या इतक्या हसल्या की मामा जागे झाले. "म्हंजे त्यांच्याकडं बी पाण्याचाच कारभार होता की!" मी रागावून म्हणाले, हसू नका, याच पद्धतीपायी त्यांचा घात झाला. समुद्रापलीकडून हत्ती घेऊन, बर्फाचे डोंगर ओलांडून एक सेनापती त्यांच्या देशात शिरला होता. त्याच्यासमोर दोन कॉन्सल, एक सबुरीचा, एक उतावळा. ज्या दिवशी उतावळ्याची पाळी आली, त्या दिवशी त्यानं लढाई लावली आणि एका दिवसात रोमची एवढी माणसं कापली गेली की घराघरात रडारड झाली.

आत्याबाई गंभीर झाल्या. म्हणाल्या, "पाळीचा दोष न्हाई तो. माणूस बराबर निवडला न्हाई." आणि परत लसूण सोलायला लागल्या. मी वर्गात हे वाक्य माझं म्हणून सांगितलं. मुलांना आवडलं.

त्यानंतर त्या रोज विचारायच्या, आज तुझ्या रोममधी काय झालं? सिनेट, म्हणजे रोमच्या सरदारांची सभा, त्यांना लगेच कळली. "भावकीची बैठक. म्हातारे बसणार, आणि आधीच ठरलेलं पुन्हा ठरवणार." गरिबांची गोष्ट त्यांना सगळ्यात आवडली. रोमच्या गरीब लोकांनी एकदा लढायलाच नकार दिला. सगळे उठून गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसले. आमची बाजू घेणारी आमची माणसं नेमा, तरच परत येतो. शेवटी सरदारांना हात टेकावे लागले. त्या माणसांना मग एवढा अधिकार मिळाला की त्यातल्या एकानं नुसतं 'नाही' म्हटलं तरी सरकारचं काम थांबायचं. आत्याबाईंनी विचारलं, "बायका गेल्त्या का टेकडीवर?" मी म्हणाले, बायकांचं कुणी लिहून ठेवलेलं नाही. "मंग लेकरांना खाऊ कोण घालत होतं?"

असं करता करता अडीच वर्षं संपत आली.

घरात कुणी तो विषय काढत नव्हतं. पण भावकी रोज संध्याकाळी यायला लागली. जे चुलत सासरे "बाईला आवरा" म्हणाले होते, तेच आता म्हणत, "वैनी, राजीनामा कशाला? काम चांगलं चाललंय." त्यांना वैनींच्या कामाचं काही पडलेलं नव्हतं. खुर्ची वस्तीवर जाऊ नये, एवढंच. मला हे बघून चीड यायची, पण खरं सांगते, मलाही वाटत होतं त्यांनी सोडू नये. वेगळ्या कारणानं. मी या घरात आले तेव्हाच्या आत्याबाई मला आठवतात. पाहुणे आले की आतल्या खोलीत उभ्या राहून दाराच्या फटीतून चहा पुढे करणाऱ्या. आता त्या परतूरला पंचायत समितीत एकट्या जायच्या आणि साहेबाच्या समोरची खुर्ची ओढून बसायच्या. त्या परत दारामागे गेलेल्या मला बघवणार नव्हत्या.

मामांचं मात्र जेवण तुटलं. त्या वर्षी तुरी निघाल्या तरी दोस्ताच्या मेंढ्या आमच्या रानात आल्या नाहीत. त्यानं निरोपही पाठवला नाही, तक्रारही केली नाही. मेंढ्या दुसऱ्याच्या रानात बसल्या, आमच्या बांधाला लागूनच. मामा रोज संध्याकाळी बांधापर्यंत जायचे आणि परत यायचे. देवाचा शब्द मोडला तर घराचं काय होईल याची भीती होतीच, पण दोस्त बोलायचा बंद झाला हे त्यांना जास्त लागलं होतं. एक दिवस जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, "मंग, कधी जायचं परतूरला? राजीनामा द्यायला?"

आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "भंडारा कुणी उचलला?"

"म्या."

"मंग तुमी द्या राजीनामा."

मामांचा घास हातातच राहिला. मला हसू आवरेना, मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले. आणि माठाजवळ उभी असताना माझ्या लक्षात आलं, की ही थट्टा नाही. गावातल्या सगळ्या शहाण्या माणसांनी मिळून, नारळ फोडून, देव साक्षी ठेवून एवढा मोठा करार केला, आणि ज्या दोघींनी तो पाळायचा होता त्यांना देवळात नेलंच नाही. बाईनं शब्द द्यायचा असतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्याबाई मोकळ्या होत्या. कायद्यानं मोकळ्या, देवाच्या दारातही मोकळ्या. अडकले होते ते फक्त मामा.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघाले तर मामा स्कूटीजवळ उभे. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "बाळा, तुझ्या त्या रोमात कुणी खुर्ची सोडली आसंल की. एखादी चांगली बघून सांग तिला. तुझं ऐकती ती."

मी काय औषधाचं दुकान आहे का, असं तोंडावर आलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून गिळलं.

त्या संध्याकाळी मी आधी शपथेची गोष्ट सांगितली. एक रोमन सेनापती शत्रूच्या हाती सापडला. शत्रूनं त्याच्याकडून शपथ घेतली आणि त्याला बोलणी करायला रोमला पाठवलं. बोलणी जमली नाहीत तर परत ये. तो घरी आला. त्यानंच सिनेटला सांगितलं, शत्रूचं ऐकू नका. आणि मग बायकामुलांनी पाय धरले तरी शपथ घेतली म्हणून मरायला परत गेला. काही अभ्यासक म्हणतात हे असं घडलंच नाही, पण रोमन लोक पिढ्यान्‌पिढ्या ते पोरांना सांगत आले.

"शपथ त्यानं सवता घेतल्ती न?" आत्याबाईंनी विचारलं.

"हो."

"त्याच्यासाठी दुसऱ्यानं तर न्हाई घेतली?"

मामांनी कूस बदलली. मी ती गोष्ट तिथंच सोडली आणि दुसरी काढली, नांगरवाल्याची. रोमची फौज शत्रूच्या वेढ्यात सापडली. अशा वेळी ते एकाच माणसाला सगळी सत्ता द्यायचे, थोड्या मुदतीसाठी. त्याला डिक्टेटर म्हणायचे. सिनेटची माणसं ज्याला निवडलं त्याच्याकडे गेली तर तो शेतात नांगर धरून उभा. त्यानं बायकोला हाक मारली, झोपडीतून माझा अंगरखा आण म्हणाला. हात धुतले, अंगरखा घातला आणि गेला. पंधरवड्यात शत्रूला हरवलं. मुदत शिल्लक होती, पण त्यानं सत्ता सोडली आणि परत येऊन नांगर धरला. हजारो वर्षं झाली, लोक अजून त्याचं नाव काढतात. मी हे चांगलं रंगवून सांगितलं. वर्गात सांगते त्यापेक्षा चांगलं.

आत्याबाईंनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या.

"त्याला शेत होतं परत जायला," त्या म्हणाल्या. "तो गेल्ता तवा बायकोनं राखलं आसंल. आला, नांगर धरला, लोकं वाहवा करून राह्यले. मला सांग, म्या सोडलं तर म्या कुठं जाऊ? चुलीपाशी? ते काय म्या सोडलंच नव्हतं. सरपंच होते तवा बी भाकरी म्याच थापल्या. माझ्यासाठी कुणी काय राखलंय परत जायला?"

इतकी वर्षं मी ती गोष्ट शिकवते, त्या माणसाचा त्याग, साधेपणा, सगळं फळ्यावर लिहून देते. पण सत्ता सोडणाऱ्याला परतायला एक जागा लागते, जिथं त्याला मान असतो, हे मला कधी सुचलं नव्हतं. मला त्या क्षणी मामांचा फार राग आला, आणि माझाही, कारण मी त्यांच्या वतीनं बोलायला बसले होते. मी सरळ म्हणाले, "आत्याबाई, नका सोडू. मी आहे तुमच्या बाजूनं." मामा जागेच होते. त्यांनी सगळं ऐकलं.

पुढच्या रविवारी सकाळी आत्याबाई म्हणाल्या, "गाडी काढ. वस्तीवर जायचंय."

दोस्त घरी नव्हता, मेंढ्यांमागे गेला होता. त्याची बायको दारात गोधडीला टाके घालत बसली होती. आम्हाला बघून ती गडबडली, "अक्का, या, बसा," म्हणाली आणि चहा टाकायला उठली. आत्याबाईंनी तिला हाताला धरून परत बसवलं.

"चहा ऱ्हाऊ दे. मला एक सांग. तुला सरपंच व्हायचंय का?"

ती हसली. "मला काय कळतंय अक्का? ते म्हणतील तिथं सही करायची."

"त्यांना काय पाहिजे ते म्या विचारलं न्हाई. तुला पाहिजे का?"

तिनं सुई गोधडीत खोचून ठेवली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा रस्त्याकडे. मग खाली बघून म्हणाली, "मला असं कुणी इचारलंच न्हाई आतापरेंत." आणि थोडं थांबून, "पाहिजे. पाणी आलं तवापासून वाटून राह्यलं, आपुन बी करावं काहीतरी. आमच्या वस्तीवरच्या पोरी शाळेला वढ्यातून जात्यात. पाऊस आला की घरीच. म्या त्या सदस्यांच्या बैठकीत दोनदा तोंड उघडलं, पण आवाजच निघाला न्हाई."

आत्याबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता त्या काही मोठं बोलतील. त्या म्हणाल्या, "आता टाक चहा."

त्या दिवसापासून आत्याबाई कुठंही गेल्या की ती बरोबर. परतूरला, टाकीवर, शाळेत. माझ्या स्कूटीवर तिघी बसलो तेव्हा वाटूरच्या फाट्यावर सगळी दुकानं बघत होती. ग्रामपंचायतीत आत्याबाई तिला मुद्दाम आधी बोलायला लावायच्या. आवाज निघाला नाही तर थांबायच्या, सगळ्यांना थांबवायच्या. ग्रामसेवक घड्याळ बघायचा. आत्याबाई म्हणायच्या, "जल्दी काय हाये? बोलंल ती." आणि ती बोलायची.

मुदतीच्या दिवशी आत्याबाई परतूरला गेल्या आणि राजीनामा देऊन आल्या. घरी कुणाला आधी सांगितलं नाही. भावकीतले दोघे सदस्य म्हणाले, आम्ही वस्तीवरच्या बाईला मत देणार नाही. आत्याबाई त्यांच्या घरी जाऊन बसल्या. तिथं काय बोलणं झालं मला ठाऊक नाही, पण निवड बिनविरोध झाली.

निवडीच्या दिवशी मी कॉलेजला सुट्टी टाकून गेले होते. तहसीलमधून अधिकारी आला, कागदपत्रं झाली, नाव जाहीर झालं. दोस्ताच्या बायकोला लोकांनी हार घातला आणि ती सरपंचाच्या खुर्चीत बसली. लगेच दोस्तानं एक खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी लावली. नेहमीची पद्धत, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तोही आनंदात होता, त्याचे डोळे भरून आलेले. त्यानं समोरच्या मामांकडे हात जोडले.

आत्याबाई आता सदस्यांच्या बाकावर होत्या. त्या बसल्या जागेवरून, आवाज न चढवता म्हणाल्या, "भाऊजी, तुमी बाहेर बसा."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"भंडारा तुमी दोघांनी उचलला. तुमची शपथ फिटली आज. आता हिथं तुमचं काय काम न्हाई. सरपंच ती हाये."

दोस्त मामांकडे बघायला लागला. मामा, ज्यांना मी कधी बायकोच्या बाजूनं चार माणसांत बोलताना ऐकलं नव्हतं, उठले, दोस्ताच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला घेऊन बाहेर गेले. खिडकीतून मला दिसत होतं, दोघं पारावर जाऊन बसले. आत सगळे नव्या सरपंचाकडे बघत होते. तिनं घसा खाकरला, पाणी प्यायली, आणि ओढ्यावरच्या पुलाचं बोलायला सुरुवात केली. आवाज बारीक होता, पण शेवटच्या बाकापर्यंत येत होता.

परत येताना आत्याबाई स्कूटीवर माझ्या मागे बसल्या होत्या. रानाच्या वळणावर म्हणाल्या, "थांबव." उतरल्या, चार पावलं बांधाकडे गेल्या, आणि पदर तोंडात धरून रडायला लागल्या. मी जवळ गेले तर हातानं थांबवलं. थोड्या वेळानं तोंड पुसून म्हणाल्या, "लई वाईट वाटून राह्यलं गं. एवढं वाईट वाटंल असं वाटलं नव्हतं." मी म्हणाले, "मलाही." ते खरं होतं. "घरी बोलायचं न्हाई," त्या म्हणाल्या. हल्ली त्या स्वतःच हे बायकांत हसून सांगतात, म्हणून मी लिहिलं.

मामा संध्याकाळी देवळात जाऊन आले. कपाळभर भंडारा, चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी उजेड. दोस्ताबरोबर चहा पिऊन आले होते. मूठभर हळद कागदात बांधून आणली होती. ती आत्याबाईंपुढे धरून म्हणाले, "घे, लाव. देवानं माझा शब्द राखला."

आत्याबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी हात पुढे केला नाही.

"देवानं न्हाई राखला," त्या म्हणाल्या. "म्या राखला."

मामांचा हात तसाच पुढे राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. मग ते आत्याबाईंसमोर जमिनीवर बसले, सुपाच्या पलीकडे, आणि म्हणाले, "व्हय. तूच राखला."

आत्याबाईंनी सूप बाजूला केलं, हळदीत बोट बुडवलं आणि स्वतःच्या कपाळाला लावलं. "पुढच्या बारीला देवळात काय उचलायचं आसंल," त्या म्हणाल्या, "तर आधी मला इचारायचं."

"इचारीन," मामा म्हणाले. त्या शब्दाला साक्षीदार मी एकटीच होते, आणि मी तो विसरू देणार नाही.